सॉल्टवेला न गेलेला विंगर

रॅव्हन्सले
६ जानेवारी १९५७

प्रिय झेलिक,

पाकिटावरचं अक्षर पाहून ओळखलं नसशीलच. सही वाचायला खाली पळू नकोस, मीच सांगतो. मी जॉस एन्टविसल, तुझा कप्तान. तीस वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि तूही मला लिहिली नाहीस, म्हणजे त्या बाबतीत फिट्टंफाट. तुझा पत्ता लीड्सच्या एका शिंप्याने दिला. तो इथल्या बाजारात कापड घ्यायला येतो. म्हणाला, "मेलामेद ना? अजून कात्री हातात धरून असतो. पोरांना मैदानावर शिव्याही घालतो." मी म्हटलं, हाच तो.

कामाचं आधी सांगतो. आपल्या सत्तावीस सालच्या फुटबॉल संघाला तीस वर्षं झाली म्हणून क्लब जेवण देतो आहे. मंगळवार, १९ मार्च, संध्याकाळी सहा, मैदानाशेजारच्या हॉलमध्ये. आपल्यातले पाच जण उरलेत. दोघांना ऐकू येत नाही आणि एकाला काही आठवत नाही, म्हणजे गप्पा मारायला तू आणि मीच. तुझ्यासाठी मासा सांगून ठेवतो. तुझी घरमालकीण मिसेस पिलिंग तुझ्यासाठी वेगळं पातेलं ठेवायची आणि त्याला कुणी हात लावला तर लाटणं घेऊन धावायची, ते मी विसरलेलो नाही.

खरं सांगू, मला अजून तो आवाज ऐकू येतो. डाव्या कडेला तुझ्या पायात चेंडू आला की पाहायला आलेली सगळी गिरणी एकदम श्वास ओढायची. चिखल घोट्यापर्यंत, चेंडू भिजून दगडासारखा, आणि तू मात्र सुक्या फरशीवर चालल्यासारखा निघायचास. मला फक्त डोकं पुढे करायचं असायचं. त्या वर्षी मी अकरा गोल केले, त्यातले नऊ तुझे होते.

आता दुसरं. पर्सी नटॉल नोव्हेंबरमध्ये गेला. सॉल्टवेला झालेल्या चषकाच्या सामन्यात तुझ्या जागी खेळला तो आपला राखीव पोरगा. शेवटची दहा मिनिटं उरली होती, समोर गोल उघडा, आणि त्याने चेंडू समुद्रात घातला. आपण हरलो. जिंकलो असतो तर पुढच्या फेरीत लंडनचा मोठा संघ आपल्या मैदानावर, आपल्या चिखलात आला असता. मी चौतीस वर्षांचा होतो. पुन्हा तशी संधी आली नाही. आणि पर्सीला या गावाने मरेपर्यंत 'सॉल्टवे पर्सी' म्हणून हाक मारली. त्याच्या पेटीमागून चालताना मला सारखा तूच आठवत होतास.

तुझ्या गुडघ्याला काही झालं नव्हतं, झेलिक. शुक्रवारी दुपारी गाडी सुटायला वीस मिनिटं होती, तू आला नाहीस म्हणून मी धावत मिसेस पिलिंगकडे गेलो. तू चांगला सूट घालून खाटेवर बसला होतास. मी गुडघा दाबून पाहिला. तू ओरडायचंसुद्धा विसरलास. तरी मी स्टेशनवर जाऊन आपल्या मॅनेजरना, मिस्टर क्रॅब्ट्रींना सांगितलं की गुडघा सुजून सलगमाएवढा झालाय. तुझं खोटं मी तीस वर्षं माझ्या नावावर वागवतो आहे.

ये जेवायला. पण येण्याआधी एवढं सांग. घाबरला होतास का?

तुझा,
जॉस


लीड्स
१३ जानेवारी १९५७

प्रिय कप्तान,

तुझं पत्र बायकोने दारातून आणून दिलं आणि विचारलं, "कुणाचं रे, हातातली कात्री का खाली ठेवलीस?" मी म्हटलं, एका माणसाचं, ज्याचं डोकं मी नऊ वेळा वापरलं. नऊ नाही रे, दहा. बर्नलीविरुद्धचा तुझ्या कानाला लागून गेला तोही माझाच होता. तू तो हिशेबात धरत नाहीस, कारण तुला दिसलाच नव्हता.

पर्सीचं ऐकून वाईट वाटलं. मला माहीत नव्हतं. त्याला लोक तसं म्हणत होते हेही माहीत नव्हतं. मी त्याच मे महिन्यात गाव सोडलं.

तुझ्या पत्राने मला कुठल्या कुठे नेलं. चौदा वर्षांचा होतो मी, मेंडेल काकांच्या मागे स्टेशनातून बाहेर पडलो, आणि पहिली गोष्ट काय पाहिली? गिरणीच्या भिंतीवर पोरं चेंडू मारत होती. कोव्हनोकडच्या आमच्या गावात आम्ही चिंध्या बांधून तेच करायचो, फक्त तिथे भिंत प्रार्थनाघराची होती आणि आतून वडील बाहेर यायचे. इथे आतून कुणीच बाहेर आलं नाही. मला वाटलं, हा देश चांगला दिसतो.

मग काकांच्या टोप्यांच्या कारखान्यात सहा वर्षं. मग गिरणीचा संघ. मग एकवीस साली मिस्टर क्रॅब्ट्री टोपी विकत घ्यायला आल्याचं नाटक करून आले. सही करताना त्यांनी पेन माझ्या हातात दिलं आणि धरूनच ठेवलं. म्हणाले, "एक लक्षात ठेव, बाळा. शनिवार आमचा. तुमच्या सणावारांच्या सबबी इथे चालणार नाहीत." मी सही केली. वडिलांना लिहिलं की नोकरी लागली. कसली ते लिहिलं नाही.

पहिल्या सामन्याला मी यहुदी म्हणून चिडवणारा तो पायऱ्यांवरचा लाल मफलरवाला आठवतो? "ए रब्बी, दाढी कुठे विसरलास?" पूर्वार्धभर हेच चाललं होतं. उत्तरार्धात मी दोन गोल केले, तेव्हा तोच ओरडला, "रब्बीला चेंडू द्या रे गाढवांनो!" पुढची सहा वर्षं माझं तेच नाव राहिलं. आईशपथ सांगतो, मला ते आवडायचं. परक्या गावात माणसाला नाव पडलं की तो तिथला झाला.

मग इकडे लीड्सकडच्या क्लबात चार वर्षं. तिथे माझा गुडघा खरोखर गेला. नंतर कापड कापलं, दोन मुली वाढवल्या, आता आमच्या पोरांच्या संघाला शिकवतो. ती मला म्हातारा म्हणतात आणि बरोबरच म्हणतात.

जेवणाचं मात्र जमणार नाही. मार्चमध्ये कामाची गर्दी असते, ईस्टरचे सूट शिवायचे असतात. आणि गुडघ्याचं म्हणशील तर तेव्हाही आतून दुखतच होता. वरून दाबून सगळं कळतं असं नाही. सगळ्यांना माझा नमस्कार सांग. तुझ्या नेलीला आणि तुमच्या टॉमला आशीर्वाद. तो आता चांगला मोठा गडी झाला असेल.

तुझा,
झेलिक


रॅव्हन्सले
२० जानेवारी १९५७

झेलिक,

बर्नलीचा कान आठवतो, लाल मफलर आठवतो, आणि त्या शुक्रवारचं विचारलं की ईस्टरचे सूट. मैदानावर तू असा कधी खेळला नाहीस. समोर माणूस आला तर तू त्याच्या अंगावर जायचास, मागे पास द्यायचा नाहीस.

मी सेंटर हाफ होतो. पंधरा वर्षं माणसांचे गुडघे पाहण्यातच गेली माझी. दुखरा गुडघा कसा हलतो ते मला शिकवू नकोस.

येऊ नकोस जेवायला. चार जण पुरेत. पण तू घाबरलास एवढं लिहून टाक आणि मोकळा हो. मी कुणाला सांगणार नाही. माणूस घाबरतो. मीही सामन्याआधी दर शनिवारी ओकायचो, तुला माहीत आहे. मला एवढंच कळू दे की पर्सीने जन्मभर ऐकलं ते कशापायी.

टॉम चव्वेचाळीस साली फ्रान्समध्ये लढताना गेला.

जॉस


लीड्स
१० फेब्रुवारी १९५७

प्रिय जॉस,

तीन आठवडे गेले. दोन पत्रं लिहिली आणि फाडली. दोन्हींत टॉमबद्दल लिहिलं होतं, दोन्ही वाईट होती. आपल्या बाकावर बसून संत्र्याच्या साली कपाळाला चिकटवणारा तो पोरगा माझ्या डोळ्यांसमोर आहे, आणि मी त्याला आशीर्वाद पाठवले. मला क्षमा कर. नेलीलाही सांग.

आता अंगावर जातो.

मी घाबरलो नव्हतो. त्या आठवड्यात मी सॉल्टवेचा उजवा बॅक स्वप्नातसुद्धा चकवत होतो. मला तो सामना हवा होता, जॉस, तुझ्याइतकाच.

माझे वडील हिर्श-बेर पुस्तकांच्या बांधणीचं काम करायचे. मी निघालो त्या दिवशी घोडागाडीपर्यंत चालत आले. बोटांना सरस लागलेला, म्हणून माझ्या गालाला हात लावला नाही, मनगटाने कुरवाळलं. म्हणाले, "तिकडे तू काय खाशील, कुणाशी लग्न करशील, शनिवार पाळशील की नाही, मला काही दिसणार नाही. मी विचारणारही नाही. एकच कर. मी गेल्यावर माझ्यासाठी उभा राहा."

आमच्यात बाप गेला की मुलगा प्रार्थनेत उभा राहून कादिश म्हणतो. एकट्याने म्हणून चालत नाही, दहा पुरुष जमावे लागतात. पहिलं वर्षभर, आणि मग दर वर्षी त्याच्या तिथीला. म्हातारे लोक मुलाची ओळख करून देतानासुद्धा म्हणतात, "हा माझा कादिश." वडिलांना मी एकटाच मुलगा. बाकी सगळं मी मोडलं. शनिवार, आमचा विश्रांतीचा दिवस, मोडला, तोही हजारो लोकांच्या देखत. पुन्हा घरी गेलो नाही. मग युद्ध आलं, मग सीझन आले. चोवीस साली ते गेले तेव्हा मी दोन गोल करून परतीच्या आगगाडीत तुझ्याशेजारी झोपलो होतो. माझी बहीण फ्रुमे हिने पत्रात कळवलं: बाबा सतरा अदारला गेले. अदार हा आमचा महिना, तुमच्या फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला येतो.

तिथी आदल्या संध्याकाळी सूर्य मावळला की लागते आणि दुसऱ्या दिवशी मावळेपर्यंत असते. सत्तावीस साली सतरा अदार लागत होती शुक्रवारी संध्याकाळी. गाडी शुक्रवारी दुपारी. परत यायचं ते शनिवारी, अंधार पडल्यावर. आणि सॉल्टवेला दहा यहुदी? तिथे तर दहा झाडंही नव्हती. रॅव्हन्सलेत लोखंडवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही मोजून दहा होतो, मला धरून.

मिस्टर क्रॅब्ट्रींना सांगितलं असतं तर त्यांनी ते पेन पुन्हा दाखवलं असतं. आणि गाव म्हणालं असतं, बघा, रब्बी शेवटी रब्बीच निघाला. म्हणून गुडघा. तू आलास तेव्हा मी तुझ्या तोंडाकडे पाहू शकलो नाही. संध्याकाळी उभा राहिलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही राहिलो. तीन वाजता, तिकडे सामना सुरू झाला तेव्हा, मिसेस पिलिंगच्या परसात एकटाच बसून होतो.

तुला कळायला हवं होतं, ते कळवलं.

तुझा,
झेलिक


रॅव्हन्सले
१७ फेब्रुवारी १९५७

प्रिय झेल्या,

अरे गाढवा! शंभर वेळा गाढवा!

मला का नाही सांगितलंस? क्रॅब्ट्रीला मी पाहून घेतलं असतं. माझा बाप गेला तेव्हा गिरणीने मला अर्धा दिवस दिला होता, आणि गिरणीचा मालक आपण फार मोठे भले म्हणून सगळीकडे सांगत फिरला. मला बापाचं कळत नाही होय? आणि तीस वर्षं तू मला बाजारात, मैदानावर, चॅपलमध्येसुद्धा तुझ्याबद्दल वाईट विचार करू दिलास. तुझं नाव निघालं की मी उठून जायचो. नेलीला विचार.

काल तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. मनगटाने कुरवाळलं तिथे ती थांब म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

आता ऐक. जेवणाला तू येतोसच. भाषण मी करणार आहे, कप्तान म्हणून. सगळ्यांसमोर सांगणार: या माणसाने बापाला दिलेल्या शब्दासाठी चषकाचा सामना सोडला. पर्सीची बायको एड्ना समोर बसलेली असेल, तिलाही कळू दे की तिच्या नवऱ्याचं नाव एका चांगल्या कारणापायी खराब झालं. लंडनची मोठी माणसं पदकं मिरवतात. आपल्याकडे हे आहे. मला आज किती हलकं वाटतंय तुला सांगता येत नाही.

मंगळवार १९ मार्च, सहा वाजता. मासा सांगितला आहे.

तुझा कप्तान,
जॉस


लीड्स
२४ फेब्रुवारी १९५७

प्रिय जॉस,

ते भाषण करू नकोस.

तू पुन्हा माझ्या बाजूने उभा राहिलास, आणि पुन्हा अर्धवट माहितीवर. एकदा तुला तसं पाठवलं, दुसऱ्यांदा पाठवणार नाही. विशेषतः एड्नासमोर.

आमचं पंचांग चंद्रावर चालतं. चंद्राचं वर्ष लहान, म्हणून ऋतूंच्या मागे पडू नये यासाठी दर दोन-तीन वर्षांनी एक अधिक महिना घालतात. तो अदारचाच. त्या वर्षी दोन अदार येतात, पहिला आणि दुसरा. सत्तावीस साली दोन होते. मी खोलीची व्यवस्था बघणाऱ्या म्हाताऱ्या ब्लूमना विचारलं, "वडिलांची तिथी कोणत्या अदारात धरू?" ते म्हणाले, "गेले ते साधं वर्ष होतं ना? मग पहिल्यात धर." मी म्हटलं, हो, साधंच.

साधं नव्हतं. चोवीस सालीही दोन अदार होते, आणि वडील दुसऱ्यात गेले. म्हणजे तिथीही दुसऱ्यातच. फ्रुमेने नुसतं सतरा अदार लिहिलं होतं, कारण कोणत्या वर्षी अधिक महिना आहे हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला नव्हतं. मी बारा वर्षं लँकशायरमध्ये होतो. चोवीस सालच्या मार्चमधला प्रत्येक सामना, प्रत्येक स्कोअर मी तुला आजही सांगेन. महिना अधिक होता की नाही ते मात्र मी पाहिलंसुद्धा नाही.

सॉल्टवे होऊन दोन आठवडे झाले आणि फ्रुमेचं पत्र आलं. "झेलिक, यंदा बाबांची तिथी २१ मार्चला, सोमवारी, दिवा लावायला विसरू नकोस." २१ मार्च. त्या सोमवारी सामना नव्हता. त्या सोमवारी मी मोकळा होतो, जॉस. सॉल्टवेला जाऊन, तो बॅक चकवून, परत येऊन, आंघोळ करून, सावकाश चालत त्या खोलीत जाता आलं असतं.

तुला वाटतं मी बापासाठी चषक सोडला. मी फेब्रुवारीतल्या एका नुसत्या शनिवारसाठी सोडला. बापालाही फसवलं आणि तुलाही. भित्रा म्हणवून घेणं मला परवडत होतं. मूर्ख म्हणवून घेणं परवडत नव्हतं. आणि पर्सी त्याची किंमत भरत होता हे मला आत्ता कळलं.

ब्लूमना सांगितलं नाही. बायकोला सांगितलं नाही. फ्रुमेलाही लिहिलं नाही. तिने एक शब्द गाळला म्हणून हे झालं असं तिच्या मनाला लागलं असतं. मी लिहिलं, दिवा लावला, सगळं नीट झालं. एक्केचाळीसच्या उन्हाळ्यात ती, तिचा नवरा आणि चारही मुलं गावातल्या सगळ्यांबरोबर मारली गेली. सगळं नीट झालं असं समजूनच ती गेली.

आणि आता हस. यंदाही दोन अदार आहेत. वडिलांची खरी तिथी या वेळी लागते ती मंगळवारी, १९ मार्चच्या संध्याकाळी. सहा वाजता मला इथे लीड्समध्ये उभं राहायचं आहे. रॅव्हन्सलेतली ती खोली आता बंद झाली म्हणतात. तेव्हा मासा दुसऱ्या कुणाला तरी दे.

तुझा,
झेलिक


रॅव्हन्सले
३ मार्च १९५७

प्रिय झेल्या,

पत्र वाचून मी आधी हसलो. खोटं कशाला सांगू? नेली म्हणाली, "लाज नाही वाटत?" मी म्हटलं, अगं, यांच्या महिन्यालासुद्धा राखीव खेळाडू असतो, आणि आमच्या पठ्ठ्याने सामन्याला नेमका तोच उतरवला. मग तीही हसली.

मला राग आला पाहिजे. मी दोन दिवस रागाची वाट पाहिली. आला नाही. चौसष्टाव्या वर्षी राग यायलाही दम लागतो.

काल एड्नाकडे गेलो होतो. भाषण करणार नाही, पण तिला अंधारात ठेवणं बरं दिसत नव्हतं. सगळं सांगितलं, गाळलेल्या शब्दासकट. ती बराच वेळ कपड्यांच्या घड्या घालत राहिली. मग म्हणाली, "त्या मेलामेदला म्हणावं, हे मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. निरोप घ्यायला मी काय पोस्ट ऑफिस आहे?" तेव्हा तयारीने ये. ती चहा देईल की नाही याची हमी मी देत नाही.

ये म्हणतो कारण जेवण आता गुरुवारी, २१ तारखेला आहे. सेक्रेटरीने विचारलं, तारीख का बदलायची? मी म्हटलं, मंगळवारी झेलिक मेलामेदच्या वडिलांची तिथी आहे. तो म्हणाला, बरं. एवढंच, झेल्या. त्याने वहीत तारीख खोडली आणि दुसरी लिहिली. तीस सेकंदही लागले नाहीत. मी बाहेर येऊन भिंतीला टेकून उभा राहिलो, कारण सत्तावीस साली हेच झालं असतं की नाही, ते आता आपल्याला कधीच कळणार नाही.

आता माझं ऐक. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

टॉमची तार आली त्यात तारीख नव्हती. लिहिलं होतं, सहा आणि नऊ ऑगस्टच्या दरम्यान. रणगाडा जळाला, मागे काही सापडलं नाही, म्हणून नक्की कुणी सांगू शकलं नाही. नेली सहा तारीख धरते. ती म्हणते, लवकर गेला असेल तर कमी सोसलं. मी नऊ धरतो. मला तो आणखी तीन दिवस जिवंत हवा आहे. चौकातल्या स्मारकाशी ती सहाला फुलं नेते, मी नऊला. बारा वर्षं झाली. या गोष्टीवरून आम्ही कधी भांडलो नाही, बोललोही नाही. माझी फुलं ठेवायला गेलो की तिची सुकलेली तिथे असतात, ती मी हलवत नाही.

आमच्यातलं एक जण नक्की चुकतंय. कदाचित दोघंही. चॅपलमधल्या पाद्रींना विचारायची मला लाज वाटते, ते हवेतलं काहीतरी बोलतील. तुला विचारतो, कारण तू एकदा चुकला आहेस. चुकीच्या दिवशी केलेलं पोचतं का रे?

जॉस


लीड्स
१० मार्च १९५७

प्रिय जॉस,

मी आमच्या रब्बींना विचारणार होतो. त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. तू रब्बींना विचारलेलं नाहीस, मला विचारलं आहेस.

फ्रुमेचा दिवस मला माहीत नाही. त्या गावातला एक माणूस वाचला, त्याला मी शोधून काढून लिहिलं. त्याने कळवलं, ऑगस्ट संपत आला होता, दिवस आठवत नाही, बायकांना आणि मुलांना कधी नेलं ते त्याने पाहिलं नाही. आमच्यात असं झालं की माणसाने एखादा दिवस निवडावा आणि तो धरावा. मी बरेच महिने निवडू शकलो नाही. मग माझ्या लक्षात आलं की माझ्याकडे एक दिवस आहे. पहिल्या अदारातला सतरावा. त्या दिवशी मी एकदा मनापासून उभा राहिलो होतो आणि तो कुणाचाच नव्हता. तो मी फ्रुमेला दिला. साध्या वर्षी एकच अदार असतो, तेव्हा बाप आणि लेक दोघांसाठी एकदमच उभा राहतो. यंदा तिचा दिवस वेगळा आला, अठरा फेब्रुवारीला. तुला वडिलांबद्दल लिहिलेल्या त्या दोन पत्रांच्या मधला तो सोमवार. त्या दिवशी मी आधी तिचं नाव घेतलं, मग चारही मुलांची, थोरल्यापासून धाकटीपर्यंत.

धाकटीचं नाव मला नीट माहीत नाही. शेवटच्या पत्रात फ्रुमे तिला नुसती चिमणी म्हणते. मी चिमणीच म्हणतो.

पोचतं, जॉस. सहा तारखेचं पोचतं आणि नऊ तारखेचंही पोचतं. पोचत नसेल तर मग इतकी वर्षं मी कुणासमोर उभा राहतोय?

गुरुवारी दुपारच्या बसने येतो. आधी एड्नाकडे जाईन.

तुझा,
झेलिक